जोर ते बेंच प्रेस : शरीरभार व ताकद यांच्या तुलनेचा इतिहास (अकलूज परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील नीराकाठचे अकलूज हे गाव ऊस, साखर कारखानदारी आणि सहकार यांमुळे जसे परिचित आहे, तसेच ते कुस्तीमुळेही परिचित आहे. 1976 साली महाराष्ट्र केसरी किताबाची स्पर्धा येथे भरली आणि हिरामण बनकर त्या वर्षीचे महाराष्ट्र केसरी ठरले. अशा गावांतून अलीकडच्या काळात तालमींच्या जोडीला 'जिम' आल्या. पाठीवर आडवे पडून छातीवरून लोखंडी बार वर रेटण्याचा बेंच प्रेस हा तेथील सर्वांत मानाचा प्रकार. हौसेने व्यायाम करणारा तरुण आपण किती किलो उचलतो हे सांगतो, आणि ऐकणारा लगेच त्याचे स्वतःचे वजन विचारतो. स्वतःच्या वजनाइतका बार उचलला की पहिला टप्पा पार झाला असे मानतात. दीडपट उचलणारा मित्रमंडळींत भाव खाऊन जातो.

उचललेल्या भाराला शरीरभाराने भागण्याची ही रीत इतकी स्वाभाविक वाटते की तिलाही इतिहास आहे हे ध्यानात येत नाही. तालमीच्या परंपरेत हा भागाकार नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती. तो लोखंडी बाराबरोबर आला, आणि येताना एक चुकीचे गृहीतकही घेऊन आला, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न आहे.

तालमीतील मोजमाप

मराठीत 'जोर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक ताकद आणि दुसरा, ज्याला हिंदीत दंड म्हणतात तो व्यायामप्रकार. पैलवान 'जोर काढतो', आणि त्याने किती जोर काढले यावरून त्याच्या अंगात किती जोर आहे हे ठरते. येथे भार म्हणजे पैलवानाचे स्वतःचे शरीर. साध्या जोरात हातांवर शरीरभाराचा साधारण दोन-तृतीयांश भाग येतो; हालचालीच्या टप्प्यांनुसार तो कमीजास्त होतो. जड माणसाला जड भार, हलक्याला हलका. ताकद व वजन यांचे नाते व्यायामाच्या रचनेतच सामावलेले असल्याने मोजायची राहते ती केवळ संख्या. गामा पैलवानाच्या मेहनतीच्या कथा हजारो बैठकांच्या भाषेत सांगितल्या जातात, त्याचे कारण हेच असावे.

याच्या अगदी उलट टोकाची परंपराही महाराष्ट्रात आहे. जेजुरीला मर्दानी दसऱ्याच्या उत्सवात खंडोबाची सुमारे 42 किलो वजनाची खंडा तलवार एका हाताने तोलून धरण्याची व दातांनी उचलण्याची स्पर्धा होते. तलवार सर्वांना एकच. उचलणारा 55 किलोचा आहे की 95 किलोचा हे कोणी विचारत नाही. गावोगावच्या दगडी गोट्यांचीही तीच तऱ्हा. देवापुढची ताकद ही निरपेक्ष ताकद होती.

कुस्तीच्या मैदानात मात्र सापेक्षतेचा विचार होता, पण तो नजरेने केलेला. जत्रेच्या मैदानात पंच दोन पैलवानांच्या अंगलटीकडे पाहून जोड लावीत. 'तोलामोलाची लढत' हा शब्दप्रयोग वजन करण्याच्या क्रियेतून आलेला असला, तरी मैदानात तराजू नव्हता. उसाच्या गाड्या काट्यावर तोलणाऱ्या या परिसरात पैलवान मात्र डोळ्यांनी तोलला जाई, ही गंमत नोंदविण्यासारखी आहे.

वजनगटाचे आगमन

काट्यावरचे वजन कुस्तीत महत्त्वाचे ठरले ते आंतरराष्ट्रीय नियमांमुळे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकी येथे 57 किलोच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. वजनगट नसते तर 57 किलोच्या मल्लाला जगाच्या व्यासपीठावर उभे राहणे जवळजवळ अशक्य होते. तरीही 1961 पासून दिल्या जाणाऱ्या महाराष्ट्र केसरी किताबाचा मान खुल्या गटाकडेच राहिला. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. त्या उपेक्षेची कारणे अनेक असली, तरी हलक्या वजनाच्या मल्लाकडे पाहण्याची आपली दृष्टी त्यांपैकी एक असावी.

लोखंडाचे आकर्षण त्याही आधीचे आहे. अकलूजच्या पश्चिमेला, खटाव तालुक्यातील औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी युजेन सँडोच्या पद्धतीचा व्यायाम सुमारे दहा वर्षे नेमाने केला आणि 1908 च्या सुमारास ते सूर्यनमस्काराकडे वळले. म्हणजे बाह्य भाराकडून पुन्हा स्वतःच्या शरीरभाराकडे. सूर्यनमस्कारही संख्येतच मोजला जातो.

भागाकारातील दोष

बेंच प्रेस, स्क्वॉट आणि डेडलिफ्ट या तीन प्रकारांच्या पॉवरलिफ्टिंगची आंतरराष्ट्रीय संघटना 1972 मध्ये स्थापन झाली. बाराने भार आणि शरीर यांची फारकत केली, आणि निरनिराळ्या वजनांच्या स्पर्धकांत श्रेष्ठ कोण हा प्रश्न उभा राहिला. त्याचे सर्वांत सोपे उत्तर म्हणजे भागाकार. पण भागाकार तेव्हाच न्याय्य ठरतो जेव्हा ताकद वजनाच्या सम प्रमाणात वाढते, आणि ती तशी वाढत नाही. स्नायूची ताकद त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, तर वजन घनफळावर. आकार वाढला की क्षेत्रफळ वर्गाच्या आणि घनफळ घनाच्या प्रमाणात वाढते. गॅलिलिओच्या 1638 च्या ग्रंथात हाडांच्या संदर्भात हाच विचार आहे. 1956 मध्ये लिट्झके यांनी 'सायन्स' या नियतकालिकात वेटलिफ्टिंगच्या विक्रमांची शरीरभाराशी तुलना केली, तेव्हा ताकद वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात वाढत असल्याचे दिसले.

याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. 60 किलोचा विद्यार्थी 75 किलो उचलतो, 90 किलोचा विद्यार्थी 100 किलो. साध्या भागाकाराने पहिल्याचे गुणोत्तर 1.25 व दुसऱ्याचे 1.11 येते; पहिला श्रेष्ठ. शरीरभाराचा दोन-तृतीयांश घात घेऊन भागले तर पहिल्याला 4.89 आणि दुसऱ्याला 4.98 मिळतात. क्रम उलटला. महाविद्यालयीन संघाची निवड साध्या गुणोत्तरावर झाली तर हलक्या विद्यार्थ्याला आयता लाभ होतो, आणि निवडीच्या आधी उपाशी राहून वजन उतरविण्याचा मोह त्यातूनच निर्माण होतो.

आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंगमध्ये 1990 च्या दशकापासून 2018 अखेरपर्यंत रॉबर्ट विल्क्स यांच्या नावाचे गुणांक वापरले गेले. त्यात शरीरभाराची पाचव्या घाताची बहुपदी असून स्त्रिया व पुरुष यांच्यासाठी वेगळे स्थिरांक आहेत. 2019 मध्ये ते बदलले आणि 2020 मध्ये पुन्हा नवे सूत्र आले. ही सारी सूत्रे स्पर्धकांच्या कामगिरीवर बेतलेली आहेत, हौशी माणसांच्या नव्हे. तालुक्याच्या जिममधल्या मुलाने त्या कोष्टकात स्वतःचे स्थान शोधणे फारसे उपयोगाचे नाही.

छेदातील वजन कशाचे?

गुणोत्तराच्या छेदात जे वजन येते त्यात स्नायू किती आणि चरबी किती, हा प्रश्न महाराष्ट्रातील शरीरांबाबत विशेष महत्त्वाचा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. दोघांचाही देहभार निर्देशांक 22.3. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. काटा दोघांना सारखाच ठरवितो. बेंचवर मात्र चरबी बार उचलत नाही. पाश्चात्य कोष्टकांवरून 'आपली मुले दुबळी' असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ही दोन छायाचित्रे आठवावीत.

दुसरे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. 2004 च्या अथेन्स पॅरालिंपिकमध्ये भारताच्या राजिंदरसिंग रहेलू यांनी 56 किलो गटात 157.5 किलो भार उचलून कांस्यपदक मिळविले. गुणोत्तर 2.8 च्या घरात जाते. पॅरालिंपिक पॉवरलिफ्टिंगमध्ये फक्त बेंच प्रेस असतो. रहेलू यांना बालपणी पोलिओ झाला होता. अशा खेळाडूच्या एकूण वजनात पायांचा वाटा कमी आणि छाती, खांदे व दंड यांचा वाटा मोठा असतो. त्यांचा पराक्रम यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण दोन पायांवर उभ्या असलेल्या 56 किलोच्या युवकाने त्या आकड्याशी स्वतःला ताडून पाहणे निरर्थक होय. रोज शेतात राबून किंवा जोर-बैठका काढून मांड्या भरलेला माळशिरसचा तरुण बेंच प्रेसच्या गुणोत्तरात नेमका याच कारणाने मागे पडतो. त्याच्या पायांचे वजन छेदात धरले जाते, पण त्या पायांची ताकद अंशात कोठेच येत नाही.

महाविद्यालयाच्या जिमखान्यात नोंदवही ठेवली जात असेल तर त्यात उचललेला भार व शरीरभार हे दोन वेगळे रकाने असावेत, सोबत उंची व कंबरेचा घेर असावा, आणि एका वेळी काढलेल्या जोरांची संख्याही असावी. त्याच विद्यार्थ्याची सहा महिन्यांपूर्वीची ओळ शेजारी ठेवली, की शिक्षकाला हवे ते बहुतेक तेथेच वाचता येते.