बिनपाकाचा लाडू

मराठी स्वयंपाकघरात लाडवांचे दोन पंथ आहेत, पाकातले आणि बिनपाकाचे. पाकातल्या लाडवाचा सगळा जीव तारेवर असतो. एकतारी पाकाच्या जागी दोनतारी झाला की रव्याचा लाडू दाताखाली कडक लागतो आणि पाक कच्चा राहिला की लाडू ताटातच बसका होतो. बिनपाकाच्याला ही धास्ती नाही. खजूर कुटायचा, दाणे भरडायचे, मूठ वळायची. हल्ली शहरांत ओट, खजूर, बदाम, जवस एकत्र करून ‘एनर्जी बाईट’ म्हणून जे विकतात, ते याच पंथातलं. ना ओव्हन, ना पाक. त्याला नवं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण या पंथाला कुळ आहे. ते शोधायचं तर वैनगंगेच्या काठी मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात जावं आणि मोहाच्या लाडवापासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

या मतापर्यंत मी आलो तो ‘शार्ङ्गधरसंहिते’मुळे. तेराव्या-चौदाव्या शतकातला हा आयुर्वेदाचा ग्रंथ औषधं बनवण्याच्या रीती सांगतो. त्याच्या मध्यमखंडात गोळ्यांचा अध्याय आहे. तिथे वटी, गुटिका, मोदक, पिंडी हे सगळे शब्द एका ओळीत, एकाच वस्तूची नावं म्हणून येतात. वैद्याच्या लेखी गोळी आणि मोदक यांत जातीचा फरक नव्हता. लहानमोठेपणाचा काय तो असेल. पण मला खिळवून ठेवलं ते पुढच्या भागाने. गूळ किंवा साखर विस्तवावर अवलेहासारखी शिजवून त्यात चूर्ण घालायचं, ही एक रीत. दुसरीत विस्तव नाहीच: मध, एखादा द्रव किंवा न शिजवलेला गुग्गुळ यांनी चूर्ण बांधायचं. या दुसऱ्या रीतीतल्या गुग्गुळासाठी ग्रंथकार जो शब्द वापरतो तो आहे ‘अवह्निसिद्ध’, म्हणजे विस्तवाविना सिद्ध केलेला. आपल्या स्वयंपाकघरातले पाकातले आणि बिनपाकाचे हेच ते दोन पंथ, सातशे वर्षांपूर्वी वैद्याने आखून दिलेले!

शार्ङ्गधर मापंही देतो. साखर चूर्णाच्या चौपट, गूळ दुप्पट, मध आणि गुग्गुळ समसमान. विस्तवावर चढणाऱ्या गोडाला जास्त माप, थेट मिसळल्या जाणाऱ्याला बरोबरीचं. आता बालाघाटकडच्या मोहाच्या लाडवाचं प्रमाण पाहा: जितकं मोहफूल, साधारण तितकीच तीळ-जवसाची भरड. शहरी खजुराच्या लाडवाचं पाहा: जितका खजूर, तितका सुका मेवा. मधाचं माप मोहाला आणि खजुराला जसंच्या तसं बसतं.

यावर एक आक्षेप लगेच येतो आणि तो खराही आहे. संक्रांतीच्या तिळगुळात गूळ तिळाच्या दुप्पट कुणी घालत नाही. बरोबरीने किंवा थोडा कमीच घालतात. मग शार्ङ्गधराचं माप घरी चालतं कुठे? माझं उत्तर असं की, वैद्याचं चूर्ण कोरडं आणि बहुधा कडू-तुरट असतं. तिळात स्वतःचं तेल असतं. तेल बांधणीला हात देतं, म्हणून गूळ कमी पुरतो. त्यामुळे गुळाचं माप घरी बदललं, मधाचं टिकलं. हे उत्तर ज्यांना पटणार नाही त्यांनी निदान एवढं मान्य करावं, की बांधणारं द्रव्य शिजवायचं की नाही, हा प्रश्न लाडवाच्या इतिहासात फार जुना आहे.

मोह बांधतो कसा, हे जवळून पाहण्यासारखं आहे. फाल्गुन-चैत्रात, मार्च-एप्रिलच्या पहाटे, मोहाची मांसल, फिकट पिवळी फुलं टपटप गळतात. बाया-पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. फुलं अंगणात पसरली की दोन-तीन दिवसांत आक्रसून तांबूस-तपकिरी होतात, मनुकेच्या जवळची. या सुक्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते आणि तिच्यात ग्लुकोज-फ्रुक्टोजचा वाटा मोठा. फ्रुक्टोज हवेतलं पाणी धरून ठेवतं. म्हणून मोह कुटला की पीठ होत नाही, चिकट लगदा होतो. मध आणि खजूर यांच्या अंगीही हाच गुण. उसाची साखर तशी नाही. तिला पाण्यात विरघळवून आटवल्याशिवाय ती कशाला धरून ठेवत नाही. पाक लागतो तो तिला. बिनपाकाच्या लाडवाचं सगळं रहस्य या एका फरकात आहे.

रुक्ष रसायन सोडून साहित्यात पाहिलं, तर मोह राजघराण्यातही दिसतो. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त सहाव्या सर्गात विदर्भाची राजकन्या इंदुमती स्वयंवराला उभी आहे; तिच्याजवळची माळ दूर्वा आणि मधूक यांची, म्हणजे मोहफुलांची आहे. विदर्भाच्या मुलीला कवीने मोहाची माळ द्यावी, हे मला फार सूचक वाटतं. सोळाव्या शतकातला ‘भावप्रकाश’ मोहफुलाला मधुर, शीत, पचायला जड, अंग भरणारं आणि बळ देणारं म्हणतो. ‘एनर्जी’ या शब्दाला ‘बृंहण’ आणि ‘बल्य’ यांहून चांगले जुने शब्द सापडणार नाहीत.

आता प्रतिपक्ष. पहिला गणपतीच्या मोदकाचा. लाडू हा मुळात नैवेद्य, तिथून घरात आला, असं पुष्कळ लोक मानतात. नैवेद्याचा मान मोठा, पण उकडीचा मोदक पारीचा, आत सारण भरलेला. त्याची घडण वेगळ्या कारागिरीची. कुटून वळलेल्या गोळ्याशी त्याचं फक्त नाव जुळतं.

दुसरा पक्ष जास्त वजनदार आहे आणि त्याला मी मान देतो. 1226 साली बगदादमध्ये लिहिलेल्या ‘किताब अल्-तबीख’ या पाकग्रंथात ‘हैस’ नावाचा पदार्थ आहे. सुक्या पावाचा चुरा, बिया काढलेला खजूर, कुटलेले बदाम-पिस्ते, वरून तिळाचं तेल. सगळं हाताने मळून गोळे करायचे आणि त्यांवर साखर भुरभुरवायची. प्रवाशांसाठी उत्तम, असा शेराही ग्रंथकाराने दिला आहे. आजच्या खजुराच्या लाडवात आणि यात फरक शोधावा लागतो. म्हणून कुणी म्हणेल, बिनपाकाची विद्या अरबी जहाजांतून खजुराबरोबर कोकणात उतरली आणि घाट चढून आत गेली.

कोकण-गुजरातच्या किनाऱ्यापुरतं हे मला मान्य आहे. बालाघाटला ते लागू होत नाही. हा जिल्हा कुठल्याही बंदरापासून शेकडो मैल आत, सातपुड्याच्या मैकल रांगांना टेकलेला. 1867 साली भंडारा, शिवनी आणि मंडला यांचे तुकडे जोडून इंग्रजांनी तो केला. गोंदियाहून जबलपूरकडे जाणारी सातपुड्याची अरुंद रेल्वे इथे पोचली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. त्याआधी बैहरच्या पठारावरच्या बैगा-गोंड घरात मऊ खजूर कुठून येणार? आपल्याकडच्या शिंदीच्या झाडाला फळ येतं, पण त्याला गर नावापुरता. जंगलात बांधणारी गोड वस्तू दोनच: मध आणि मोह. मध पोळं सापडेल तेव्हाचा. मोह दरवर्षीचा, पोत्यांनी साठवता येणारा. खजूर आणि मोह हे दोघं चुलतभाऊ खरे, पण एकाच्या घरी दुसरा दत्तक गेलेला नाही. दोन प्रदेशांनी आपापल्या झाडावरून तीच युक्ती काढली, असं मी मानतो.

एक पाऊल पुढे टाकतो. ही युक्ती जंगलातून वैद्याकडे गेली, वैद्याकडून जंगलात आली नाही. याला पोथीचा आधार कोणी मागितला तर मी पदार्थाकडे बोट दाखवीन. मध्य भारतात भाजलेला मोह आणि तीळ कुटून जो ‘लाटा’ करतात, त्याला ना साखर लागते, ना तूप, ना पाक. भाजण्यापुरता विस्तव, उखळ आणि मुसळ पुरे. इतकी अल्प साधनं लागणारी रीत साधनसंपन्न घरातून खाली झिरपलेली नसते.

तिसरा पक्ष शेंगदाण्याचा. दाणे-गूळ कुटून केलेला लाडू आपल्याला इतका सवयीचा आहे की तो आदिम वाटतो. पण भुईमूग दक्षिण अमेरिकेचा, आपल्याकडे आला तो समुद्र ओलांडून गोऱ्यांच्या व्यापाराबरोबर. त्याआधी लाडवातली ती जागा तीळ आणि जवस यांची होती. राजगिराही तिकडचाच. मेक्सिकोचे ॲझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठात घायपाताच्या जातीच्या झाडाचा गोड रस घालून त्या गोळ्याच्या देवमूर्ती घडवत आणि प्रसाद म्हणून खात. स्पॅनिश राज्यकर्त्यांनी तो प्रकार मूर्तिपूजा म्हणून दडपला.

हे वाचताना मला मोह आठवला, कारण त्याच्यावरही सरकारची वक्रदृष्टी पडली. देवामुळे नव्हे, दारूमुळे. 1892 साली मुंबई सरकारने मोहफुलांसाठी वेगळा कायदाच केला. ठाणे-कुलाब्याकडे फुलं बाळगण्यावर त्याने बंधनं आली. पुढे 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफूल आलं. जे फूल खायचं, ते कागदोपत्री दारूचा कच्चा माल झालं. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा, आणि त्यात तेव्हा गोंदियाही, मुंबई राज्यात गेला. बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सरहद्दीवरच्या वाघ नदीच्या एका काठावर मोह परवान्याची वस्तू आणि दुसऱ्या काठावर किराण्याची. महाराष्ट्राने मोहफुलांचं संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरची बंधनं सैल केली ती थेट 2021 मध्ये. पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाला मोह म्हटलं की दारूच आठवते आणि बालाघाटच्या लांजी-वारासिवनीकडच्या मराठी आणि पवारी बोलणाऱ्या घरांत लाडूही आठवतो, यामागे चवीचा फरक नाही. कायद्याचा आहे. एका पदार्थाचं कुळ विसरायला लावण्याची ताकद अबकारी खात्यात असते.

करून पाहायचा असेल तर रीत अशी. सुकं मोहफूल 200 ग्रॅम घ्या, याच हंगामाचं, तांबूस, मऊ. काळं पडलेलं किंवा आंबूस वासाचं नको. एकेक फूल चिमटीत धरून आतले केसर काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर लाडू घशात खवखवतो आणि त्याला कडवट झाक येते. फुलं पाण्यातून झटपट काढून कपड्यावर पूर्ण कोरडी करा. जाड तव्यावर मंद आचेवर शेका. फूल किंचित फुगतं आणि भाजलेल्या मनुकेसारखा वास सुटतो, तिथे थांबा. पुढे गेलात तर साखर जळते आणि सगळं कडू होतं. तीळ 100 ग्रॅम, जवस 50, दाणे 50 वेगवेगळे भाजून भरडा. आधी भरड उखळात, त्यावर कोमट मोह, आणि मग कुटणं. पहिली काही मिनिटं सगळं सुटं राहतं, मन खट्टू होतं. मग तिळाचं तेल सुटतं, मोह लगदतो आणि मुसळ वर उचलताना गोळा त्याला चिकटून येऊ लागतो. ही खूण. मूठभर चारोळी घाला, हाताला तेलाचं बोट लावून सुपारीहून थोडे मोठे लाडू वळा. मिक्सरमध्ये करायचं तर थांबत थांबत फिरवा, नाहीतर भांडं तापून भरडीचं लोणी होतं.

भाजायला विस्तव लागलाच की, असं कुणी म्हणेल. लागला. पण पाक झाला नाही. फुलातली साखर फुलातच राहिली आणि तिनेच बांधलं. मी बिनपाकाचा लाडू म्हणतो तो या अर्थाने. आणि ‘साखर घातली नाही’ म्हणजे ‘साखर नाही’ असा अर्थ कृपया काढू नका. मोह आणि खजूर दोन्ही साखरेनेच भरलेले आहेत. मधुमेह असलेल्यांनी हा लाडू औषध समजून खाऊ नये.

शेवटी एक विनंती. मोह वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात आणि त्यातून पुष्कळदा रान पेटतं. अलीकडे मध्य प्रदेशात काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून फूल वरच्यावर झेलतात. ते स्वच्छ, मातीविना असतं आणि लाडवाला तेच हवं. विकत घेताना जाळीवरचं फूल मागा, दोन पैसे जास्त पडले तरी द्या. आणि तुमच्या घरी बिनपाकाच्या लाडवाचं एखादं जुनं माप चालत असेल, बाळंतिणीचं, प्रवासाचं, उपासाचं, तर ते वजनासकट लिहून ठेवा.