खडे, गाठी आणि मणी : ख्रिस्ती प्रार्थनेतील साध्या वस्तूंचा इतिहास



घरात किंवा शेजारी कुणाच्या हातात १०८ मण्यांची जपमाळ, ९९ मण्यांची तस्बीह किंवा क्रूस लावलेली रोझरी तुम्ही पाहिली असेल. मी अभियांत्रिकी शिकवतो. मोजणीचे काम एखाद्या साधनावर सोपवले की डोके दुसऱ्या कामाला मोकळे होते, हे आम्ही पहिल्याच वर्षी सांगतो. प्रार्थना करणाऱ्यांना ही युक्ती फार पूर्वीच सापडली होती. पण तिच्याबरोबर एक प्रश्नही आला : मोजणी पूर्ण झाली म्हणजे प्रार्थना झाली का? या टिपणात आपण ख्रिस्ती परंपरेपुरता या प्रश्नाचा मागोवा घेऊ.

१. तीनशे खडे

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात अनेक ख्रिस्ती संन्यासी राहत. त्यांची चरित्रे पॅलेडियसने सुमारे ४२० मध्ये लिहून ठेवली. त्यांपैकी पॉल नावाचा संन्यासी रोज तीनशे प्रार्थना म्हणे. तो तीनशे खडे ओटीत घेऊन बसे आणि प्रत्येक प्रार्थनेनंतर एक खडा टाकून देई. पुढे त्याच्या कानावर आले की एका गावातील एक स्त्री रोज सातशे प्रार्थना म्हणते. पॉल खिन्न झाला आणि आपले दुःख मॅकेरियस या ज्येष्ठ साधूकडे घेऊन गेला. मॅकेरियसने सांगितले, की आपण रोज शंभरच प्रार्थना म्हणतो, पोटापुरते काम करतो, भेटायला येणाऱ्या बांधवांना वेळ देतो आणि तरीही आपले मन आपल्याला दोष देत नाही. तीनशे म्हणूनही तुझे मन तुला खात असेल, तर तुझे कुठे चुकते ते तूच बघ.

खडा आठवण देतो, मन लावण्याचे काम मात्र आपले. पुढचा सगळा वाद याच मुद्द्याभोवती फिरतो.

२. न वाचणाऱ्यांचे पुस्तक

बायबलमधील स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. युरोपातील बेनेडिक्टच्या नियमाने चालणाऱ्या मठांत ती आठवड्याभरात म्हणून पूर्ण केली जात. पण ज्यांना लॅटिन वाचता येत नव्हते त्यांनी काय करायचे? त्यांच्यासाठी स्तोत्रांऐवजी येशूने शिकवलेली प्रार्थना ठरलेल्या संख्येने म्हणण्याची सोय झाली, आणि ती मोजायला गाठी मारलेली दोरी किंवा मण्यांची माळ आली. त्या प्रार्थनेचे पहिले दोन लॅटिन शब्द ‘पातेर नोस्तेर’, म्हणून माळेलाही तेच नाव पडले. सुमारे १२६८ मध्ये पॅरिसमधील व्यवसायांचे नियम लिहून काढले गेले, तेव्हा त्यांत या माळा करणाऱ्यांचे वेगवेगळे संघ नोंदलेले दिसतात : हाड आणि शिंग वापरणारे वेगळे, पोवळे आणि शिंपले वापरणारे वेगळे.

हळूहळू मरियेला वंदन करणारी प्रार्थना या माळेत मुख्य झाली. दहा-दहांचे पंधरा गट, म्हणजे पुन्हा १५०. पोप पायस पाचवे यांनी १५६९ मध्ये या पद्धतीला अधिकृत रूप दिले. न वाचणाऱ्या माणसाच्या बोटांतही स्तोत्रसंहितेची संख्या शिल्लक राहिली, हे लक्षात घ्या.

३. माळेवर आक्षेप

इंग्रजीत मण्याला ‘बीड’ म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ ‘प्रार्थना’. लोक प्रार्थना मोजत राहिले आणि शब्द हातातल्या मण्याला चिकटला. नेमका हाच धोका सुधारकांना खटकला. १५३८ मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या राजवटीत धर्मविषयक आदेश निघाले. अर्थ न समजता, मन न लावता मणी ओढत राहण्याची त्यांत निंदा होती.

मॅकेरियसने पॉलला जे विचारले त्याच्याशी हा आक्षेप जुळतो. फरक एवढाच, की मॅकेरियसने प्रश्न माणसाच्या मनावर सोपवला आणि इथे तो राजाज्ञेचा विषय झाला. पण सवय आज्ञेने सुटत नाही. सात वर्षांनी, १५४५ मध्ये, हेन्रीच्याच आरमारातील ‘मेरी रोझ’ हे जहाज बुडाले. त्याच्या अवशेषांत रोझरीच्या माळा मिळाल्या आहेत. पुढे १५७१ मध्ये राणी एलिझाबेथच्या काळात रोमहून आलेले पवित्र मणी देशात आणणे कायद्याने गुन्हा ठरले. दहा उंचवटे असलेली अंगठी आधीपासून वापरात होती. माळ जवळ ठेवणे धोक्याचे असेल तेव्हा अशी अंगठी बोटात सहज लपे.

४. ‘तेर्स’ : आपल्याकडची एक खूण

पोर्तुगीजांबरोबर रोझरी गोव्यात आली. तिथे संध्याकाळी घरातील माणसे एकत्र बसून म्हणतात त्या प्रार्थनेला कोकणीत ‘तेर्स’ म्हणतात. हा पोर्तुगीज ‘तेर्सु’, म्हणजे तिसरा हिस्सा. १५० पैकी ५० प्रार्थना एका बैठकीत होतात, म्हणून हे नाव. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी चिंतनाचे आणखी पाच प्रसंग सुचवले. त्या हिशेबाने एकूण २०० होतात आणि ५० हा चौथा हिस्सा ठरतो. तरी घरोघरी शब्द ‘तेर्स’च आहे. जुना हिशेब बोलीने जपून ठेवला.

विचार करा

साधन आठवण देते आणि तेच साधन विसरायलाही लावते. घरी कुणी माळ ओढत असेल, तर त्यांना विचारा : मणी पुढे सरकतो तेव्हा मन कुठे असते? उत्तर लिहून ठेवा. पॉलची गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचली, कारण कुणीतरी ती लिहून ठेवली होती.