इमारतविषयक दायित्व

इमारतविषयक दायित्व : इमारतीच्या सदोष स्थितीमुळे किंवा तिच्या व्यवस्थापनातील हयगयीमुळे कोणाच्या शरीरास अथवा मालमत्तेस अपाय झाल्यास त्याबद्दल विधीने ठरविलेली जबाबदारी. ती बांधणाऱ्याची, मालकाची, की प्रत्यक्ष ताबा असणाऱ्याची, हा या विषयाच्या इतिहासातील मूळ प्रश्न होय. ज्याचे इमारतीवर नियंत्रण, त्याच्यावर तिच्या धोक्यांचा भार, या तत्त्वाकडे विधी हळूहळू वळत गेला. मुंबईतील जुन्या चाळींच्या बाबतीत मात्र मालकी, ताबा व दुरुस्तीची जबाबदारी निरनिराळ्या हाती गेल्यामुळे हे तत्त्व लावणे अवघड झाले.

बॅबिलोनियाचा राजा हामुराबी याच्या संहितेत (इ. स. पू. अठरावे शतक) घर कोसळून मालक दगावल्यास बांधणाऱ्यास देहान्त शिक्षा सांगितली आहे. येथे विचार फक्त बांधकामाचा आहे. बांधल्यानंतर घराची निगा कोणी राखावी, याविषयी तीत फारसे काही नाही. रोमन विधीने हा विचार पुढे नेला. शेजाऱ्याचे घर मोडकळीस येऊन आपल्यावर कोसळण्याची भीती असल्यास संभाव्य नुकसानीबद्दल त्याच्याकडून आगाऊ हमी मागता येई. वरच्या मजल्यावरून रस्त्यावर काही टाकल्याने वा सांडल्याने इजा झाल्यास मालकावर नव्हे, तर तेथे राहणाऱ्यावर दावा चाले. कौटिलीय अर्थशास्त्रातील दंडही याच दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. आग लागली असता ती विझविण्यास न धावणाऱ्या घरमालकास बारा पण, तर भाडेकऱ्यास सहा पण दंड सांगितला आहे. दोघेही उत्तरदायी, पण सारखे नव्हेत, हा भेद कौटिल्याने स्पष्ट केला आहे.

इंग्लंडमधील न्यायालयांनी एकोणिसाव्या शतकात जागेत येणाऱ्या माणसाच्या दर्जावर दायित्व अवलंबून ठेवले. साखरेच्या कारखान्यात कामासाठी आलेला एक गॅस-कारागीर जमिनीतील उघड्या पोकळीत पडून जखमी झाला. त्याच्या दाव्यात (१८६६) कामानिमित्त येणाऱ्या ‘निमंत्रिता’विषयी भोगवटादाराने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, असे ठरले. केवळ परवानगीने आलेल्यास त्याहून कमी संरक्षण होते आणि अतिक्रमकास जवळजवळ काहीच नव्हते. भाडेकऱ्याच्या कुटुंबीयांची स्थितीही फारशी चांगली नव्हती. मोडक्या तक्तपोशीमुळे जखमी झालेल्या भाडेकऱ्याच्या पत्नीस, तिचा मालकाशी करार नसल्याच्या कारणावरून, १९०६ मध्ये भरपाई नाकारण्यात आली. निमंत्रित व परवानगीने आलेला यांतील कृत्रिम भेद १९५७ च्या अधिनियमाने संपविला आणि १९८४ मध्ये अतिक्रमकासही मर्यादित संरक्षण मिळाले. एकाच इमारतीचे एकाहून अधिक भोगवटादार असू शकतात आणि प्रत्येकाचे कर्तव्य त्याच्या नियंत्रणाइतके असते, असे तेथील सर्वोच्च अपील न्यायपीठाने १९६६ मध्ये स्पष्ट केले.

भारतात अशा प्रकारचा स्वतंत्र अधिनियम झाला नाही. अपकृत्य विधी येथे न्यायनिर्णयांतूनच वाढला. त्यांत दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळ-मनोऱ्याचा खटला महत्त्वाचा आहे. नगरपालिकेच्या मालकीचा हा मनोरा कोसळून काही माणसे ठार झाली. तो सुमारे ८० वर्षांचा होता आणि त्यात वापरलेल्या चुन्याचे आयुष्य ४०–४५ वर्षांचेच होते, असे तज्ञांच्या साक्षीतून निष्पन्न झाले. तरीही त्याची योग्य तपासणी झालेली नव्हती. दोष वरून दिसत नव्हता, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये फेटाळला. रस्त्यालगतची वास्तू सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, दोष दृश्य असो वा सुप्त. शिवाय मनोरा आपोआप कोसळतो ही घटनाच हयगयीचा पुरावा होय, असा हा निर्णय आहे. ‘माहीत नव्हते’ या उत्तराची सोय त्याने बरीचशी काढून घेतली.

मुंबईत प्रश्न वेगळ्या वाटेने गेला. १९४७ च्या भाडे-नियंत्रण अधिनियमाने प्रमाण भाडे मुख्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले. त्याच अधिनियमाने जागा राहण्यायोग्य ठेवण्याचे कर्तव्य मालकावर टाकले होते. त्याने ते न केल्यास भाडेकऱ्याने नोटीस देऊन दुरुस्ती करावी व खर्च भाड्यातून वळता करावा, अशी तरतूदही होती. पण ही वजावट ठराविक हिश्श्यापुरतीच करता येई आणि भाडे इतके अल्प होते की, तेवढ्यात एखादा जिनादेखील नीट होत नसे. चाळी खचू लागल्यावर शासनाने १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा अधिनियम केला. मंडळाने उपकर गोळा करून बेट-शहरातील जुन्या इमारतींची संरचनात्मक दुरुस्ती करावी, अशी ही योजना होती. अशा इमारतींची संख्या आरंभी १९,६४२ होती. पुढे हे काम महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाकडे गेले. योजनेने पुष्कळ इमारती उभ्या राखल्या, हे मान्य केले पाहिजे; परंतु मालक नाममात्र, भाडेकरू ताबेदार, मंडळ दुरुस्तीकर्ते आणि महानगरपालिका नोटीस देणारी, अशी विभागणी होऊन अपघातानंतर प्रत्येकास दुसऱ्याकडे बोट दाखविता येऊ लागले. गोठविलेले भाडे कालांतराने अवाजवी व मनमानी ठरले आहे, असा अभिप्राय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे-नियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. भेंडीबाजारातील हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळून तीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले, तेव्हा हाच गुंता पुन्हा पुढे आला. तत्पूर्वी २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोड येथील महानगरपालिकेचीच इमारत पडून ६१ जण मरण पावले. तेथे नोटीस देणारी संस्था आणि मालक एकच होते.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातील आगीने (१३ जून १९९७) व्यवस्थापनाच्या दायित्वास निराळे वळण दिले. तळमजल्यावरील विद्युत्‌-रोहित्रास आग लागून धूर वरच्या सज्जात शिरला. जादा आसनांसाठी तेथील एक वाट बंद केलेली होती. ५९ प्रेक्षक मरण पावले, ते भाजून नव्हे, तर गुदमरून. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये भरपाईच्या भाराचे ८५ टक्के चित्रपटगृहाच्या परवानाधारकावर व १५ टक्के वीजमंडळावर टाकले. उच्च न्यायालयाने जबाबदार धरलेली महानगरपालिका व परवाना देणारे पोलीस अधिकारी यांना मात्र भरपाईतून मुक्त केले. भरपाईची रक्कमही कमी करण्यात आली. परवाना देणाऱ्याची हयगय भरपाईस पात्र केव्हा ठरते, याविषयी या निर्णयाने घेतलेली भूमिका मृतांच्या नातलगांस कठोर वाटली, यात नवल नाही.

महाराष्ट्रात आग-प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याने अग्निशमन साधने चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक व भोगवटादार या दोघांवरही टाकली आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेत गच्ची, जिने, बाह्य भिंती यांसारख्या सामाईक भागांचा भार संस्थेवर, तर सदनिकेच्या अंतर्भागाचा सभासदावर असतो. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे महानगरपालिका क्षेत्रांत आवश्यक आहे. फौजदारी बाजूस हयगयीने मृत्यू घडविण्यास भारतीय दंड संहितेत कमाल दोन वर्षांची कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत वाढली आहे. इमारत पाडताना वा दुरुस्त करताना केलेल्या हयगयीचा अपराध नव्या संहितेत बांधकामासही लागू केला आहे. त्याची कमाल कैद मात्र पूर्वीप्रमाणेच सहा महिन्यांची आहे.