डिस्कसचा शेजारी कोण? ॲमेझॉनपासून मनमाडच्या टाकीपर्यंत

१/ मनमाड म्हटले की दोन गोष्टी आठवतात : रेल्वेचे जंक्शन आणि पाण्याची टंचाई. वागदर्डी धरणावर विसंबलेल्या या शहराने नळाला दोन-दोन आठवडे पाणी न येणारे उन्हाळे काढले आहेत. म्हणून घरोघरी टाक्या, पिंपे, हौद. आणि त्यांत डास होऊ नयेत म्हणून सोडलेले गप्पी मासे. अशा गावात कोणी डिस्कस पाळायचे ठरवले, तर त्याच्या सोबतीला काचपेटीत कोणाला ठेवावे? या प्रश्नाचे उत्तर दुकानातल्या रंगांपेक्षा इतिहासात अधिक नेमके सापडते.

२/ डिस्कसला शास्त्रीय नाव मिळाले १८४० मध्ये. ऑस्ट्रियाचा निसर्गसंग्राहक योहान नाटरर १८१७ पासून अठरा वर्षे ब्राझीलमध्ये होता. रिओ निग्रो, म्हणजे 'काळी नदी', हिच्या पाण्यातून त्याने हा थाळीसारखा गोल मासा मिळवून व्हिएन्नाला पाठवला. तेथे योहान याकोब हेकेल याने त्याचे वर्णन केले आणि 'सिम्फिसोडॉन डिस्कस' हे नाव दिले. नाटररने पेट्या भरून पाठवल्या, पण ती नदी हेकेलने स्वतः कधी पाहिली नाही.

३/ योगायोग असा, की त्याच सुमारास दख्खनच्या माशांचीही अशीच नोंद होत होती. मुंबई सरकारच्या सांख्यिकी कामासाठी दख्खन पालथे घालणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी येथील माशांवरील आपला अभ्यास १८३९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केला. अनेक जातींना त्यांनी स्थानिक नावेच दिली. खुद्री, कोळस, ताकरी हे कोळ्यांच्या तोंडचे शब्द अशा रीतीने लॅटिन नावांत जाऊन बसले. ही नावे धाग्याच्या शेवटी पुन्हा येतील.

४/ रिओ निग्रोचे पाणी कुजलेल्या पानांमुळे चहासारखे तांबूस, अतिशय मऊ आणि आम्लधर्मी असते; शिवाय उबदार. म्हणूनच काचपेटीतही डिस्कसला २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. सोबत्याची पहिली कसोटी येथेच ठरते : इतके ऊन पाणी त्याला बारमाही सोसले पाहिजे. गोल्डफिश थंड पाण्याचा, त्यामुळे तो पहिल्याच फेरीत बाद होतो.

५/ ही कसोटी किती बारीक आहे, हे दोन टेट्रांवरून कळते. निऑन टेट्राचे वर्णन १९३६ मध्ये झाले. तो पश्चिम ॲमेझॉनमधला, थोड्या गार पाण्यात सुखी असणारा. त्याच्यासारखाच दिसणारा कार्डिनल टेट्रा मात्र रिओ निग्रोचा, म्हणजे डिस्कसचा खरा शेजारी. फेब्रुवारी १९५६ मध्ये दोन स्वतंत्र शोधनिबंधांनी त्याला दोन वेगळी नावे दिली, अवघ्या एका दिवसाच्या फरकाने. अग्रमान अर्थातच आधीच्या नावाला मिळाला. दुकानात दोन्ही मासे शेजारशेजारी दिसतात. डिस्कसच्या पेटीत निऑन हळूहळू खंगतो, कार्डिनल टिकतो.

६/ दुसरी कसोटी १९५९ मध्ये स्पष्ट झाली. हिल्डमन या संशोधकाने डिस्कसच्या संगोपनाची विलक्षण रीत प्रसिद्ध केली : पिले आईबापांच्या अंगावरील बुळबुळीत स्राव खाऊन वाढतात. नर-मादी दोघेही हा स्राव पुरवतात. म्हणजे हा थर डिस्कसचे संरक्षक कवच तर आहेच, शिवाय त्याच्या पिलांचे पहिले अन्नही आहे. त्याला धक्का लावणारा कोणताही मासा सोबती होऊ शकत नाही.

७/ तिसरी कसोटी स्वभावाची. डिस्कस संथ आहे. अन्नाभोवती घोटाळत, सावकाश खातो. पर कुरतडणारा टायगर बार्ब किंवा दांडगा ऑस्कर त्याला उपाशी ठेवतो. एंजलफिश नात्याने जवळचा, पण खाण्यात चपळ, आणि डिस्कसला बाधणारे परजीवी त्याच्याबरोबर येण्याचा धोका असतो. उरतात ते शांत आणि उष्णता सोसणारे : कार्डिनल, रमीनोज टेट्रा आणि तळाशी वावरणारा स्टर्बाय कोरिडोरास.

८/ मग मनमाडच्या हौदातला गप्पी का नको? त्याचीही कथा नोंदलेली आहे. पेटर्स याने १८५९ मध्ये व्हेनेझुएलातील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. पुढे त्रिनिदादहून रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी यांनी लंडनला नमुने पाठवले आणि १८६६ मध्ये त्यांचे आडनाव या माशाला चिकटले. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी दिसला. ज्या सिकंदराबादेशी मनमाड पुढे मीटर गेजने जोडले गेले, तेच हे गाव. डास हाच शत्रू ठरल्यावर डासांच्या अळ्या खाणारे मासे जगभर हिंडू लागले. गप्पी भारतात आला १९०८ मध्ये, गॅम्बुसिया १९२८ मध्ये.

९/ गप्पीला काहीसे जड, क्षारयुक्त पाणी आवडते, डिस्कसला मऊ. एकाला सुखी करावे तर दुसरा आजारतो. मनमाडच्या परिसरात बेसॉल्टच्या खडकातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते. म्हणजे येथे गप्पी आपोआप फोफावतो आणि डिस्कससाठी मात्र पाणी तयार करावे लागते. शिवाय माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट काढण्याचा साधा उपाय म्हणजे पाणी बदलणे. २५० लिटरच्या पेटीत आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलायचे, तर ८० लिटरांहून अधिक पाणी लागते. टंचाईच्या गावात हे घरच्या वापराच्या पाण्यातूनच काढावे लागते. सोबती जितके कमी, तितकी ही गरज आटोक्यात राहते. येथे निवडीचा पहिला नियम 'कोणते' यापेक्षा 'किती' हा आहे.

१०/ आता सर्वांत फसवा उमेदवार : 'काच साफ करणारा' म्हणून विकला जाणारा सकर मासा. तोही दक्षिण अमेरिकेचा आणि उष्ण पाण्याचा. पहिल्या कसोटीला तो सहज उतरतो. पण दुसऱ्या कसोटीला नापास होतो. मोठा सकर रात्री डिस्कसच्या रुंद अंगाला चिकटून तोच स्राव ओरबाडतो आणि जखमा करतो. दुकानात बोटभर असलेला हा मासा दीड फुटापर्यंत वाढू शकतो. मग पेटी अपुरी पडते, आणि मालक दयेपोटी त्याला नदीत सोडून येतो.

११/ त्या दयेची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. भीमेवरील उजनी जलाशयात सकर मासे मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागले. काटेरी अंगाने जाळी फाटतात आणि बाजारात त्यांना भाव नाही. हवेतला प्राणवायू घेण्याची क्षमता असल्याने प्रदूषित पाण्यातही ते तगतात. याआधीचा धडा टिलापियाचा : १९५२ मध्ये अन्नासाठी आणलेला हा मासा आज पुण्याच्या मुळा-मुठेतही आहे. ज्या मुळा-मुठेच्या पाण्यातून साइक्स यांनी खुद्रीची नोंद केली, तेथेच.

१२/ १९५१ मध्ये मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि परदेशी मासा काचेआडून पाहण्याची हौस मराठी घरांत रुजली. ती हौस वाईट नाही. मात्र काचेपलीकडचे पाणीही कोणाचे तरी घर असते. मनमाडची पांझण गिरणेला मिळते, गिरणा तापीला. पावसाळ्यात नाल्यात सोडलेला एखादा मासा या वाटेने किती दूर जाईल, याचा अंदाज कोणी करू शकत नाही.

१३/ म्हणून डिस्कसच्या सोबत्याला चार प्रश्न विचारावेत. त्याला ३० अंशांचे पाणी सोसते का? डिस्कसच्या अंगावरचा थर तो शाबूत ठेवतो का? तो डिस्कसला निवांत खाऊ देतो का? आणि पूर्ण वाढल्यावर त्याला ठेवायला जागा व पाणी आहे का? चौथ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर तो मासा दुकानातच राहू द्यावा. आधीच घेतला असेल, तर विक्रेत्याकडे किंवा मोठी टाकी असलेल्या दुसऱ्या पाळणाऱ्याकडे द्यावा. खुद्री, कोळस आणि ताकरी यांची नावे लॅटिन ग्रंथांत सुरक्षित आहेत. ते मासे मात्र नदीतच राहतात.