शृंगाकाशक : ध्रुवण आणि प्रारण आकृतिबंध

आयताकार तरंगमार्गदर्शकाचे तोंड कर्ण्यासारखे पसरवले की शृंगाकाशक, म्हणजेच हॉर्न अँटेना, तयार होतो. त्याच्या प्रारणाचा आकृतिबंध ध्रुवणाशी, म्हणजे विद्युत् क्षेत्राच्या कंपनदिशेशी, घट्ट बांधलेला असतो. मूलभूत तरंगप्रकारात या दिशेने मुखावरील क्षेत्र एकसारखे राहते. तिच्या काटकोनात मात्र ते मध्यावर कमाल असून धातूच्या भिंतींपाशी शून्यावर येते. म्हणून मुख चौरस असले तरी झोत गोल नसतो. मुखावरील कला समान धरल्यास विद्युत् प्रतलात मुख्य झोत अरुंद, पण पहिले पार्श्वझोत अवघे सु. १३ डेसिबेल खाली असतात. चुंबकीय प्रतलात झोत रुंद आणि पार्श्वझोत सु. २३ डेसिबेल खाली. शृंग अक्षाभोवती ९०° फिरवला, की ध्रुवणासह हे सारे वळते.

गुळगुळीत शंकुशृंगात बलरेषा वाकतात व ४५° च्या प्रतलांत नको असलेले आडवे ध्रुवण डोके वर काढते. १९६३ मध्ये पॉटर यांनी दोन तरंगप्रकार मिसळून त्यावर उपाय सुचवला. त्याहून देखणा उपाय पन्हळी शृंगाचा : आतील भिंतीवर सु. पाव तरंगलांबी खोल खाचा पाडल्या, की दोन्ही प्रतलांतले झोत जवळजवळ सारखे होतात. दोन परस्परलंब ध्रुवणे एकाच वेळी टिपणाऱ्या रेडिओ दुर्बिणींना हेच हवे असते; पुणे जिल्ह्यात खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या ४५ मी. व्यासाच्या तबकड्यांवर १,४२० मेगॅहर्ट्‌झ पट्ट्यासाठी पन्हळी शृंगच बसवले आहेत.