रोगण, चंद्रस आणि करडई : एका पारदर्शक थराची कुळकथा

लाकडावर, चित्रावर किंवा धातूवर हलक्या हाताने चढवायचा, वाळल्यावर खालचा पोत व रंग दिसू देणारा, आणि तरीही पाणी, धूळ व घर्षण यांना अडवून धरणारा जो लेप, त्याला मराठीत ‘रोगण’ म्हणतात. सुताराच्या तोंडी आज व्हार्निश, पॉलिश, लॅकर हेच शब्द अधिक असले तरी रोगण हा शब्द कोशांत आणि जुन्या कारागिरांच्या बोलीत टिकून आहे. रोगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. तो फारसी ‘रोगन’ या शब्दापासून आला, आणि फारसीत त्या शब्दाचा पहिला अर्थ तेल किंवा तूप असा आहे. युनानी औषधांच्या दुकानात मिळणारे ‘रोगन बदाम’ म्हणजे निव्वळ बदामाचे तेल. तुपाच्या भांड्यातला शब्द दारावरच्या काचेसारख्या थरावर कसा जाऊन बसला, या प्रश्नाचे उत्तर लातूर-नांदेडकडच्या रब्बी शेतांत उभ्या असलेल्या एका काटेरी पिकापर्यंत आणि तेथून आजच्या जनुकशास्त्रापर्यंत घेऊन जाते.

प्रथम शब्दाचा निवाडा. रोगण चकाकते, म्हणून ते ‘रोशन’ या शब्दाचे भावंड असावे, असा एक आकर्षक तर्क आहे. अवेस्ता या प्राचीन इराणी ग्रंथाच्या भाषेपुढे मात्र तो टिकत नाही, कारण तेथे ‘रओख्श्न’ म्हणजे तेजस्वी आणि ‘रओग्न’ म्हणजे लोणी, असे दोन शब्द वेगवेगळे उभे आहेत. पहिल्याचा वंशज रोशन, दुसऱ्याचा रोगन. पहिल्याचे नाते संस्कृतातील ‘रुच्’ या धातूशी जुळते, तर दुसऱ्याचे जर्मन भाषेतील सायीच्या ‘राम’ या नावाशी जोडले जाते. संस्कृतातील ‘रोचन’ हेच मराठीत रोगण झाले, ही दुसरी कल्पनाही सोडून द्यावी लागते. लोचन या शब्दाचे प्राकृतात ‘लोअण’, ‘लोयण’ होते, त्या न्यायाने रोचनातील च गळायला हवा होता, त्याचा ग होण्याचे कारण नव्हते. शेवटच्या न चा ण मात्र अस्सल देशी आहे. ‘निशान’चे निशाण झाले तसेच हे झाले, आणि शब्द केवळ दरबारी कागदावर न राहता कारागिरांच्या तोंडी रुळला याची ती खूण आहे.

अर्थ बदलला कोठे, हा याहून अवघड प्रश्न. हा बदल दख्खनेत घडला असे मानण्याचा मोह मराठी अभ्यासकाला होणे स्वाभाविक आहे, कारण आज लातूर व नांदेड जिल्ह्यांत असलेला प्रदेश बहमनी व बरीदशाही बिदरच्या छायेत वाढला, आणि उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते; फारसी येथे कित्येक शतके राज्यकारभाराची भाषा होती. पण तो मोह आवरावा लागतो. इराणात ‘रोगन-ए-कमान’, म्हणजे धनुष्याचे रोगण, या नावाचा पारदर्शक लेप प्रसिद्ध होता आणि कागदाच्या लगद्याच्या चित्रित पेट्यांवर व लेखण्यांच्या डब्यांवर तो चढवला जाई. तेल आणि लेप हे दोन्ही अर्थ फारसीतून एकत्रच निघाले होते. मराठीने नवा अर्थ घडवला नाही, तिने दोहोंतून एक निवडला. स्वयंपाकघरात तेल, तूप, लोणी, साय यांनी सगळ्या जागा अडवल्या होत्या. रिकामी होती ती वाळून कडक झालेल्या पारदर्शक तेलाची जागा, आणि पाहुणा शब्द त्या जागेवर बसला. हा तर्क खरा असेल तर त्या लेपातला दुसरा घटकही आपले नाव घेऊन आला असला पाहिजे, आणि तसा तो आलेला आहे.

धनुष्याच्या रोगणात जवसाच्या तेलात ‘संदरूस’ नावाची राळ वितळवीत. मराठीत रोगणासाठी वापरल्या जाणाऱ्या राळेचे नाव ‘चंद्रस’ आहे. या दोन शब्दांची एकमेकांशी गाठ घातली की रोगणाची सगळी कृती भाषेतच लिहून ठेवलेली सापडते: तेलाचे नाव फारसी, राळेचेही नाव फारसी-अरबी, म्हणजे हा लेप सुटासुटा न येता पाककृतीसारखा अखंड आला. ‘चंद्र’ आणि ‘रस’ मिळून हा शब्द झाला, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूलाही थोडे बळ आहे. संस्कृतात राळेला ‘सर्जरस’ असे नाव आहेच, तेव्हा झाडाच्या चिकाला ‘रस’ म्हणण्याची रीत येथे जुनी. परंतु हे बळ उलट दिशेने लावणे अधिक सयुक्तिक ठरते: सर्जरसाचा साचा कानांत बसलेला असल्यामुळेच परका संदरूस त्यात सहज ओतला गेला, आणि त्या फिकट पिवळ्या, चंद्रबिंबासारख्या खड्यांना चंद्राचे नाव शोभूनही दिसले. वस्तू मात्र तीच राहिली नाही. इराणी संदरूस वेगळ्या झाडाची, तर मुंबईच्या बाजारातला चंद्रस बव्हंशी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची, झांजिबारमार्गे येणारी कोपल राळ होती. एकोणिसाव्या शतकात ती मुंबईहून पुढे युरोपात जाई, आणि तिकडे तिला मुंबईचेच नाव चिकटले होते. व्हार्निश या इंग्रजी शब्दाचे मूळ उत्तर आफ्रिकेतील बेरेनिके या बंदरात, म्हणजे आजच्या बेनगाझीत, शोधणारे अभ्यासक आहेत. ते खरे असेल तर तेथेही राळेने बंदराचेच नाव घेतले.

राळ बदलली तसे तेलही बदलले असणार. इराणी कृतीतले जवस मराठवाड्यात पिकते, पण त्याच्याबरोबर करडईही पिकते. वायव्य सरहद्दीवरचे आफ्रिदी पठाण रानकरडईचे तेल बारा तास मंद आचेवर उकळून थंड पाण्यात ओतीत, म्हणजे त्याचा घट्ट, चिवट गोळा होई. त्याचेही नाव रोगनच, आणि त्यापासून मेणकापड करीत. जॉर्ज वॅट यांच्या १८८९ पासून प्रसिद्ध झालेल्या भारतीय आर्थिक उत्पादनांच्या कोशात याची माहिती आहे, शिवाय करडई भाजून काढलेले काळे, चिकट तेल विहिरीच्या दोरांना आणि पाण्यात भिजणाऱ्या चामड्याला लावीत, अशीही नोंद आहे. मोटेचे चामडे आणि नाडा ज्या तेलाने टिकतो ते तेल हवेत थर धरते, हे ज्ञान शेतकऱ्याच्या हाताला होते. म्हणून मराठवाड्यातल्या रोगणात करडईचाही वाटा असावा.

‘करडई’ या शब्दाचे कूळही येथेच पाहून घ्यावे. संस्कृतात या झाडाचे प्रचलित नाव कुसुंभ. शेजारच्या कन्नडात त्याचे ‘कुसुबे’ झाले. मराठीने कुसुंभ घेतला तो रंगापुरता, ‘कुसुंबी’ लुगड्यापुरता, आणि बी व तेल यांसाठी संस्कृत कोशांतल्या ‘करट’ व प्राकृत ‘करड’ यांच्या वंशातला शब्द ठेवला. पानांच्या बोचऱ्या काट्यांमुळे ‘करडा’ म्हणजे कठोर या विशेषणापासून करडई आली, असेही कोणी सुचवील, आणि ज्वारीच्या कडेने करडईचे तास पेरून गुरांना अडवणाऱ्या शेतकऱ्याला ते पटेलही. पण प्राकृतातला करड समोर असताना विशेषणापर्यंत जाण्याची गरज उरत नाही. फुलाला एक नाव आणि तेलाला दुसरे, ही विभागणी अर्थपूर्ण आहे. कृत्रिम रंगांनी कुसुंबी रंग मारला, करडईला तेलाने जगवले.

करडईच्या तेलात थर धरण्याचा गुण का आहे, हे आता रसायनशास्त्र सांगते. तेल वाळते तेव्हा पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू त्याच्या रेणूंतील दुहेरी बंधांवर काम करून एक रेणू दुसऱ्याशी बांधतो आणि द्रवाचे जाळे होते. ओलेइक आम्लात असा एक बंध असतो, लिनोलेइकमध्ये दोन, लिनोलेनिकमध्ये तीन. जवसात तीन बंधांचे आम्ल भरपूर असल्याने त्याचा थर लवकर वाळतो, पण कालांतराने पिवळा पडतो. नेहमीच्या करडई तेलात सुमारे ७० ते ७५ टक्के लिनोलेइक असते आणि लिनोलेनिक जवळपास नसतेच, त्यामुळे त्याचा थर सावकाश वाळतो आणि वर्षानुवर्षे स्वच्छ राहतो. विसाव्या शतकात पांढऱ्या रंगांसाठी आणि पारदर्शक अल्किड राळांसाठी उद्योगाला करडई हवी झाली ती याच गुणामुळे.

एक बंध असलेल्या ओलेइकमध्ये दुसरा बंध घालून त्याचे लिनोलेइक करण्याचे काम बियातील एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, करते. त्याला फॅड-२ म्हणतात. रोगण होणार की तळणाचे तेल राहणार, याचा फैसला तेथे होतो. १९५७ साली हॉरोविट्झ आणि विंटर यांनी ‘नेचर’मध्ये अशा करडईची माहिती दिली की जिच्या तेलात ओलेइकच प्रमुख होते आणि जी थर धरत नव्हती, तिचे बियाणे भारतातून गेलेले होते. त्या भारतीय वाणांवर कॅलिफोर्नियात पॉल नोल्स यांनी अनुवंशाचा अभ्यास करून १९६६ साली ‘यूसी-१’ हा वाण दिला. त्या वाणात याच विकराचे जनुक बिघडलेले होते, हे पुढे कळले. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने आणखी दोन जनुके गप्प करून ओलेइकचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर नेले, आणि त्या करडईच्या व्यापारी लागवडीला २०१८ साली परवानगी मिळाली. करडईच्या माहेरघरी मात्र हरभरा आणि सोयाबीन यांनी तिचे क्षेत्र खाल्ले आहे.

संश्लेषी जीवशास्त्र, म्हणजे सजीवाच्या रासायनिक कारखान्याची आराखडा काढून फेरमांडणी करणारे शास्त्र, पारदर्शक संरक्षक थराकडे वळते तेव्हा त्याचे लक्ष बंध कमी करण्याकडे नसून नवे जोडबिंदू घालण्याकडे असते. साध्या दुहेरी बंधाच्या जागी प्राणवायूचे छोटे कडे, म्हणजे इपॉक्सी गट, असेल तर थर अधिक घट्ट आणि कठीण बांधता येतो. आज ते कडे कारखान्यात पेरॉक्साइडच्या साह्याने सोयाबीनच्या तेलात बसवतात, आणि ज्या लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचे ढीग लागतात तेथील वाचकाला यात ओळखीचे धान्य दिसेल. पण एक वनस्पती हे काम आपल्या बियात आपणच करते. काष्ठौषधीच्या दुकानात जंतावर मिळणारे कडूजिरे ती वनस्पती होय. १९५४ साली फ्रँक गन्स्टन यांनी त्याच्या तेलातील इपॉक्सी आम्ल ओळखले आणि वनस्पतीच्या व्हर्नोनिया या लॅटिन नावावरून त्याला व्हर्नोलिक आम्ल हे नाव मिळाले. १९९८ साली क्रेपिस या रानफुलातून असे कडे बसवणारे विकर वेगळे काढण्यात आले, तेव्हा ते फॅड-२ याच घराण्यातले निघाले. करडई, कडूजिरे आणि क्रेपिस ही तिन्ही सूर्यफुलाच्या कुळातली. जे विकर करडईत दुसरा बंध घालते, त्याचाच भाऊबंद क्रेपिसमध्ये कडे बसवतो.

नुसते ते जनुक दुसऱ्या पिकात घातले की काम होत नाही. आरंभीच्या प्रयोगांत इपॉक्सी आम्ल अगदी थोडे साठले, कारण यजमान बियाला ते तेलात रचून ठेवता येत नव्हते. अमेरिकेत डेव्हिड हिल्डेब्रँड आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनमध्ये इपॉक्सी विकराबरोबर व्हर्नोनियाचेच, आम्ल तेलात बसवणारे विकरही घातले, तेव्हा ते प्रमाण वाढले. हे संशोधन २०१० साली प्रसिद्ध झाले. भारतात २०२२ पासून परके जनुक न आणता केलेल्या जनुक-संपादनाला काही कडक नियमांतून सूट आहे, त्यामुळे फॅड-२ बंद केलेली करडई त्या सवलतीत बसू शकते, पण क्रेपिसचे जनुक घेतलेली बसणार नाही. लातूर येथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे विलासराव देशमुख कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आणि गळीतधान्य संशोधन केंद्र एकाच शहरात आहेत. करडईच्या फॅड-२ मध्ये नेमकी कोणती अमिनो आम्ले बदलली तर बंधाच्या जागी कडे बसेल, आणि परके जनुक न आणता करडईच्याच तेलातून इपॉक्सी रोगण उतरेल, हा प्रश्न त्या पिकाच्या शेजारी बसून सोडवण्यासारखा आहे.