गोळी गिळली की नाही?

या मालिकेत आपण बहुतेक वेळा रणांगणावरच्या लढायांबद्दल बोलतो. आजची लढाई क्षयरोगाशी आहे. तिचा एक मोठा मोर्चा आपल्याच देशात, मद्रासमध्ये लढला गेला.

आधी माझी एक चूक सांगतो. १९८८ साली मी कंपनी कमांडर होतो. माझ्या एका जवानाला क्षय झाला. रुग्णालयात उपचार झाले, चांगला गुण आला आणि उरलेल्या गोळ्या घेऊन तो सुट्टीवर गावी गेला. सुट्टीच्या कागदावर सही माझी होती. गावी गोळ्यांवर लक्ष कोण ठेवणार, हे मी विचारलंच नाही. "साहेब, खोकला थांबला, वजन वाढलं, मग गोळ्या कशाला?" असं त्याने मला नंतर सांगितलं. तो परत आला तेव्हा आजार उलटला होता. शेवटी मेडिकल बोर्डाने त्याला घरी पाठवलं. दोष त्याचाच, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो.

आता मद्रासकडे वळू. पूर्वी क्षय म्हटला की सॅनेटोरियम. मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी. मिरजेजवळची वानलेसवाडी आपल्याकडच्या जुन्या लोकांना आठवत असेल. पण रुग्ण लाखोंनी आणि खाटा मूठभर. मग बाकीच्यांनी काय करायचं?

हे शोधायला १९५६ साली मद्रासला क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद असे चार भागीदार होते. स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती, तरी कालचे राज्यकर्ते आणि आपले डॉक्टर एका टेबलावर बसले. डॉ. वॉलेस फॉक्स तिथले प्रमुख तज्ज्ञ होते.

शहरातल्या गरीब वस्त्यांमधले १९३ रुग्ण निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपापल्या घरी. औषधं दोघांना तीच, आयसोनियाझिड आणि पास, वर्षभर. घरच्या गटाचं जेवण कमी, खोली दाटीची, कष्ट जास्त. तरीही १९५९ साली निकाल छापून आले तेव्हा दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. घरच्या माणसांना लागण होण्याचं प्रमाणही घरी उपचार घेतल्यामुळे वाढलं नव्हतं. सॅनेटोरियमचा जमाना संपायला तिथून सुरुवात झाली, आणि १९६२ साली आपला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम याच पायावर उभा राहिला.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळी आहे. या केंद्राचे लोक अचानक घरी जाऊन गोळ्या मोजायचे, लघवी तपासून औषध पोटात गेलं का ते बघायचे. फौजी माणसाला हे लगेच कळेल. ब्रह्मदेशात जनरल स्लिम यांनी मलेरियाच्या गोळ्यांसाठी हेच केलं होतं. अचानक तपासणीत ९५ टक्क्यांपेक्षा कमी जवानांनी गोळी घेतलेली आढळली, तर कमांडिंग ऑफिसरला काढायचं. तिघांना काढलं, बाकीचे समजले. जबाबदारी अधिकाऱ्याची, हा त्यातला धडा.

मद्रासने पुढे आठवड्यातून दोनदा, डोळ्यांसमोर औषध देऊन पाहिलं, तेही यशस्वी झालं. मग हाँगकाँग, सिंगापूर, केनिया, युगांडा, टांझानिया इथल्या डॉक्टरांनी असेच प्रयोग केले. एकाचा अनुभव दुसऱ्याच्या कामी आला आणि दीड-दोन वर्षांचा उपचार सहा महिन्यांवर आला. आज जगभर चालणारा उपचार असा घडला आहे.

याच शहरात १९८६ साली डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातले पहिले एचआयव्हीबाधित रुग्ण शोधले. त्यांनी मद्रासमध्ये गोळा केलेले रक्तनमुने वेल्लोरच्या प्रयोगशाळेत तपासले गेले. सुनीतीताई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचली की क्षय डोकं वर काढतो, म्हणून दोन्ही आजारांवर एकत्रच लक्ष ठेवावं लागतं. इथेही औषध रोज घ्यायचं असतं, आणि पाठीशी कुणीतरी उभं असावं लागतं.

मद्रासचा हा इतिहास मी निवृत्तीनंतर वाचला आणि त्या जवानाचा चेहरा समोर आला. गोळी त्याने थांबवली हे खरं. पण विचारायचं काम माझं होतं, आणि मी फक्त सही केली होती.

तुमच्या घरात, शेजारी कुणी क्षयाची औषधं घेत असेल, तर आज एवढंच विचारा, "गोळी घेतली का?" उद्याही विचारा. कोर्स संपेपर्यंत विचारत राहा.

जय हिंद.